गजाभाऊ, त्या दुपारी मी दारातच उभी होते

तुमच्या शोकसभेत लोक पोट धरून हसले, गजाभाऊ. धरमपेठेतल्या ज्या शाळेच्या हॉलमध्ये आपण तालमी केल्या, तिथेच हार घातलेला तुमचा फोटो ठेवला होता. एक जण उठला आणि थप्पड खाल्ल्यावर तुम्ही कशी गिरकी घ्यायचात ते त्याने करून दाखवलं. दुसऱ्याने पाठीत छत्री बसल्यावरचं तुमचं वाक्य म्हटलं, "अगं आई गं, म्हणजे अगं बायको गं!" तुमचा मुलगा डोळे पुसता पुसता हसला. मग सूत्रसंचालक म्हणाला, आता नलूताई बोलतील, गजाभाऊंना आयुष्यात सगळ्यात जास्त यांनीच मारलं. पुन्हा हशा. मी उठले नाही. घसा बसलाय असं हातानेच सांगितलं.

घसा ठीक होता. मला जे आठवत होतं त्यावर कोणी हसलं नसतं, एवढंच. ते इथे लिहिते आहे, आणि तुम्हालाच लिहिते आहे, कारण त्यातलं निम्मं तुम्हालाही माहीत नाही.

इंदूताईंनी मला तुमच्याकडे आणलं. महापालिकेच्या शाळेत त्यांचा वर्ग माझ्या वर्गाला लागून होता, आणि उन्हाळ्यात त्या तुमच्या नाटकात सासू व्हायच्या. दरवर्षी मे महिनाभर तुमचं एक विनोदी नाटक लागायचं. नागपुरात तेव्हा टीव्ही आला नव्हता. दिवसभर दारं लावून बसलेली माणसं ऊन उतरलं की बाहेर पडायची आणि हॉलवर यायची. तिथे मोठे कूलर होते, दारांना वाळ्याचे पडदे होते. अर्धे लोक गारव्यासाठी येतात नि अर्धे माझ्यासाठी, असं तुम्ही म्हणायचात. त्या वर्षीचं नाटक होतं 'दामोदरपंत मार खातात'. दामोदरपंतांच्या बायकोचं काम करणारी मुलगी लग्न होऊन रायपूरला गेली होती. मी चोवीस वर्षांची होते, माझ्या लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि मी कधी झुरळसुद्धा मारलं नव्हतं.

दुसऱ्या अंकात बायको नवऱ्याला अकरा थपडा मारते आणि मग छत्रीने झोडपते. पहिल्या तालमीला मी तुमच्या गालाला नुसता हात लावला. तुम्ही खुर्ची उचलून भिंतीवर फेकली. तिचा पाय मोडला.

"असं मारते का कोणी नवऱ्याले? माशी हाकलून राहिली का तू?"

"लागेल ना तुम्हाला," मी म्हटलं.

"मले लागन का नाही, त्याची फिकीर तू नको करू. मागच्या रांगेतल्या माणसाले लागलं पाहिजे. मार!"

तिसऱ्या वेळी मी सगळं बळ लावून मारलं. तुमच्या गालावर माझी पाचही बोटं उमटली. इंदूताईंनी तोंडावर हात ठेवला. तुम्ही मात्र लहान मुलासारखे खुललात. "हां! आता होते हे नाटक!"

सकाळपाळी करून तुम्ही थेट मिलमधून तालमीला यायचात, तेव्हा केसांत कापसाचे धागे असायचे आणि खोकला सुरू असायचा. सावनेरकडच्या तुमच्या गावात दिवाळीनंतर दंडार व्हायची, गावच्या पुरुषांचं नाचगाण्याचं नाटक. तिच्यात तुम्ही लुगडं नेसून नाचायचात आणि मार खायचात. पडायचं कसं ते तुम्ही तिथे मातीत शिकलात. मुंबईच्या एका कंपनीने बोलावलं होतं, तुम्ही गेला नाहीत. कारण विचारलं की दर वेळी वेगळं सांगायचात. एकदा खरं सांगितलंत. "तिथचे लोक बोलण्यावर हसतात. माह्याजवळ बोलणं नाही. माह्याजवळ फक्त पडणं आहे."

त्या पडण्यावर हॉल कोसळायचा. तेच नाटक सलग चार उन्हाळे चाललं आणि हॉल कोसळत राहिला. काटोल, उमरेड, सावनेर, जिथे जिथे प्रयोग लागला तिथे लोक मला रस्त्यात ओळखायला लागले. बायका पाया पडायच्या. एक म्हातारी म्हणाली, "बाई, माह्याकडचीबी एक मारजो त्याले." मी हसले. घरी मात्र सांगितलं नाही.

घरी मधुकर होता, माझा नवरा. सरकारी कचेरीत होता, इस्त्रीचा बुशशर्ट घालायचा, शेजाऱ्यांशी फार गोड बोलायचा. त्याच्या साहेबांना नाटकाची आवड होती म्हणून मला परवानगी मिळाली होती. पहिल्या प्रयोगाला तो साहेबांच्या शेजारी तिसऱ्या रांगेत बसला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने चहा प्यायला, पेपर वाचून घडी घातली, दाराची कडी लावली आणि कमरेचा पट्टा काढला.

"अकरा होत्या ना? मी मोजल्या."

त्याने अकराच मारले, पाठीवर, ब्लाउज झाकेल तिथे. मारताना तो चिडलेला नव्हता, हे मला सगळ्यात भयंकर वाटलं. हिशेब पुरा झाला की तो पट्टा परत घालून ऑफिसला जायचा. मारत तो आधीही होता, पण नाटक लागल्यापासून त्याला आकडा मिळाला. ज्या प्रयोगाला तो हजर असे, त्याच्या दुसऱ्या दिवशी हे व्हायचं. पडद्याच्या फटीतून मी तिसरी रांग बघायचे, ते साहेब आलेत का बघायला, असं तुम्हाला वाटायचं.

चौथ्या उन्हाळ्यात मी तुम्हाला मारताना तुम्हाला बघणं बंद केलं. समोर मधुकरचा गाल दिसायचा. हाताला एक चव लागली होती, गजाभाऊ, आणि ती मला आवडत होती. एका प्रयोगात छत्रीचं टोक तुमच्या भुवईत घुसलं. रक्त नाकावरून ओठावर आलं. लोकांना तो रंग वाटला, टाळ्या पडल्या. तुम्ही बोट लावून बघितलंत आणि प्रेक्षकांकडे वळून म्हणालात, "आज बायकोनं कुंकू मलेच लावलं!" पाच मिनिटं हशा थांबला नाही.

पडदा पडल्यावर तुम्ही ओरडाल म्हणून मी विंगेतच बसून राहिले. तुम्ही टॉवेल कपाळाला दाबून माझ्यासमोर बसलात.

"मले मारून नव्हती राहिली तू. कोणाले मारून राहिली होती?"

मी छत्रीचं टोक पुसत राहिले. पण कपडे बदलताना इंदूताईंनी माझी पाठ बघितली होती आणि अकराचा हिशेब माझ्याकडून काढून घेतला होता. त्यांना राहवलं नाही, त्यांनी ते तुम्हाला सांगितलं. हे मला मागाहून कळलं.

पुढच्या रविवारी दुपारचा प्रयोग होता. दुसरा अंक संपून मध्यंतर झालं होतं. मधुकर मला बोलवायला रंगमंचामागच्या अंगणात आला, साहेबांच्या बायकोला माझी ओळख करून घ्यायची होती. तिथे कूलरसाठी पाणी साठवायचं सिमेंटचं टाकं होतं. तुम्ही टाक्याशी बिडी ओढत उभे होतात. पोटाला उशी बांधलेली, गाल लाल रंगवलेले, मिशी एका बाजूने सुटलेली.

मी मागचं दार उघडलं तेव्हा मधुकर जमिनीवर होता.

"मोज!" तुम्ही म्हणत होतात. "मोजता येते ना तुले? मोज मग!"

तुम्ही त्याला कॉलर धरून उठवलंत आणि तोंडावर ठोसा मारलात. तो पडला. पुन्हा उठवलंत. कुंपणापलीकडे पानठेल्यावरची माणसं जमली. त्यांना दिसत होते दामोदरपंत, उशीचं पोट हलवत एका बाबूला बदडणारे. ती हसायला लागली. मधुकर "वाचवा, वाचवा" ओरडला तेव्हा ती आणखी हसली. कोणीतरी ओरडलं, "अजून एक द्या पंत!" आणि तुम्ही दिलीत. त्याचा हात जमिनीवर टेकला होता, त्यावर तुम्ही टाच ठेवून वळवलीत. बोटं मोडल्याचा आवाज मला दारापर्यंत आला. मग केस धरून त्याचं डोकं टाक्याच्या कडेवर आपटलंत. एकदा. परत एकदा. त्याच्या कानातून रक्त आलं. कुंपणावरचं हसू एकदम थांबलं नाही, एकेकाचं थांबलं. शेवटी एकच माणूस हसत राहिला होता, मग तोही थांबला.

कोर्टात मी सांगितलं की मी आत साडी बदलत होते. तुम्हीही तेच धरून चाललात, कारण तुमची पाठ माझ्याकडे होती. गजाभाऊ, मी दारात उभी होते, तुमच्या पहिल्या 'मोज'पासून शेवटपर्यंत. 'गजाभाऊ' एवढी हाक मारली असती तरी तुम्ही थांबला असतात, तालमीत किती चिडलात तरी माझ्या हाकेने थांबायचातच. मी हाक मारली नाही. मी मोजत होते. अकरा झाले तेव्हा आता थांबवावं असं मनात आलं, आणि तरी मी बारा म्हटलं, तेरा म्हटलं.

तिसरी घंटा झाली. तुम्ही टाक्यात हात बुचकळलेत, पाणी लाल झालं. वळलात तेव्हा मी दिसले. तुम्हाला वाटलं मी आत्ताच आले. धापा टाकत म्हणालात, "चाल. लोक बसून आहेत."

आपण तिसरा अंक केला. मी आजही स्वतःला विचारते की कसा केला. हॉलच्या मॅनेजरने मधुकरला सायकलरिक्षात घालून दवाखान्यात पाठवलं, आणि आत मी तुमच्या मांडीशी बसून तुम्हाला लाडू भरवत होते, कारण त्या अंकात नवराबायकोचं गोडीत येतं. तुमच्या बोटांची कातडी निघाली होती. लाडवाला रक्त लागलं. तुम्ही तो खाल्लात आणि मिटक्या मारल्यात. लोक बाकांवर हात आपटून हसत होते. पोलीस विंगेत उभे राहिले होते, आणि त्यातला एक हवालदारसुद्धा हसत होता. पडदा पडल्यावर त्यांनी तुम्हाला उशीसकट नेलं.

तुमच्या वकिलाने मला एकच प्रश्न विचारला, ज्यावर सगळं होतं. "तुमचा नवरा तुम्हाला मारहाण करायचा का?"

मी म्हटलं, "नाही."

का म्हटलं ते ऐका. मागच्या बाकावर माझे दीर बसले होते. गावभर तोंडं चालू होती. हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, बाईच्या पाठीवरचे वळ या मिलमधल्या माणसाला कसे माहीत? इंदूताईंचं नाव घेतलं असतं तर कोणी मानलं नसतं. मी भ्याले. तुम्ही पिंजऱ्यातून माझ्याकडे बघितलं नाहीत, पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिलात. तुम्हाला दोन वर्षांची सजा झाली. मिलची नोकरी गेली. निकाल वाचताना न्यायाधीश म्हणाले की आरोपीने कोणत्याही चिथावणीवाचून एका सभ्य माणसाला कायमचं जायबंदी केलं. कोणत्याही चिथावणीवाचून. हे शब्द माझ्या तोंडातल्या एका शब्दावर उभे होते.

आणि मी त्या सभ्य माणसाची सेवा केली. जबडा तारेने बांधलेला होता, सहा आठवडे मी त्याला नळीने पेज पाजली. एक कान कायमचा गेला. मोडलेली बोटं वाकडी जुळली. तेव्हा मी तुमच्यावर फार चिडलेले होते, गजाभाऊ. मारायचं काम तुम्ही केलंत, आणि मोडलेला माणूस माझ्या पदरात टाकून तुरुंगात जाऊन बसलात, असं वाटायचं. रात्रंदिवस त्याचं कण्हणं ऐकत होते मी. माझं नाटक सुटलं. माझी शाळेतून बदली झाली. दुकानात गेले की बायका बोलायच्या थांबायच्या.

सात महिन्यांनी त्याला तो मोडलेला हात नीट उचलता यायला लागला. उचलला त्याच आठवड्यात त्याने मला मारलं. आता पट्टा नव्हता आणि मोजणं नव्हतं, हाताशी येईल त्याने मारायचा. एका कानाने ऐकू येत नसल्यामुळे मी किंचाळले तरी त्याला ते अर्धंच पोचत असावं. पूर्वी तो ऑफिसची वेळ झाली की थांबायचा. आता त्याला कुठे जायचं नव्हतं.

मी दहा महिने काढले. मग एका दुपारी तो जेवून आडवा झाला असताना ट्रंक भरली आणि महाल भागात इंदूताईंच्या खोलीवर गेले. त्यांनी ट्रंकेला जागा करून दिली. माझ्या सुटकेत हाणामारी नव्हती. फार तर दहा मिनिटं लागली. ती दहा मिनिटं मला आधीच्या सात वर्षांत सापडली नव्हती.

तुम्ही सुटून सरळ तिथेच आलात, असं मला वाटलं. अंगावरचं मांस गेलं होतं, पुढचे दोन दात नव्हते. मी चहा ठेवला, आणि चहाला उकळी यायच्या आत आपलं भांडण सुरू झालं.

"तुम्हाले सांगतलं होतं का कोणी?" मी म्हटलं. "मी आली होती का तुमच्याजवळ रडत?"

"रडली नाही म्हणूनच केलं. काही लोकायले हाताचीच भाषा समजते वं."

"अन् तुम्हाले? तुम्हाले कोणती समजते?"

 इंदूताई गॅलरीत निघून गेल्या. मग तुम्ही विचारलंत, "एक सांग. त्याच्यानंतर त्यानं हात लावला का तुले?"

दोन वर्षं तुम्ही या प्रश्नावर काढली होती, हे मला तुमच्या तोंडावर दिसलं. मी म्हटलं, "नाही. कधीच नाही."

तुम्ही मान हलवलीत. "मंग झालं." आणि थंड झालेला चहा एका घोटात प्यायलात.

मी खोटं बोलले. कोर्टात भीतीने बोलले होते, इथे दयेने. तुम्हाला ते एक तरी मिळावं म्हणून. पण त्यामुळे आपलं भांडण तिथेच अडकलं. पुढे दर भेटीत ते निघायचं आणि तुम्ही "मंग झालं ना" म्हणून जिंकायचात, आणि मी कप उचलून आत न्यायचे. माझ्याजवळ उत्तर होतं, पण मी ते खर्चून बसले होते.

पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही पुन्हा 'दामोदरपंत' लावलंत. मी आणि इंदूताई शेवटच्या रांगेत बसलो. कॉलेजातली एक मुलगी बायको झाली होती. तिने पहिली थप्पड मारली आणि दोन पावलं मागे सरकली. तुम्ही गिरकी घेतलीत, तशीच, तंतोतंत. हॉलमध्ये कोणी हसलं नाही. पुढच्या रांगेतल्या एका माणसाने आपल्या मुलीला जवळ ओढून घेतलं. तुम्ही पडलात, उठलात, पडलात. कूलरचा आवाज ऐकू येत होता. तुम्ही पुढे सगळी थपडांची जागा गाळून थेट छत्रीवर गेलात, मग छत्रीही गाळलीत. त्या अंकात तुम्ही घाम पुसायला वळलात तेव्हा तुमचा चेहरा मला दिसला, आणि मला उठून बाहेर जावं लागलं. तुमच्या पडण्यावर माणसं आता घाबरत होती. पाच प्रयोगांत नाटक बंद झालं. नंतर तुम्ही दुसऱ्यांच्या नाटकांत खुनी झालात, दरोडेखोर झालात, नि शेवटी नुसते विंगेत पुस्तक धरून वाक्यं सांगणारे. मिलच्या कापसाने छाती भरत गेली. शेवटच्या वर्षी तर दोन वाक्यांच्या मध्ये श्वास घ्यायला तुम्हाला थांबावं लागे आणि नट ताटकळायचे.

आता घाटावरचं सांगते. तुम्हाला अग्नी दिला आणि माणसं परतायला लागली. झाडाखाली एक म्हातारा दिसणारा माणूस काठीवर रेलून उभा होता. मान एका बाजूला कलती करून ऐकायची सवय लागलेली. मी बारा वर्षांनी मधुकरला बघत होते.

"तुम्ही काहून आले?" माझ्या तोंडून निघालं.

त्याने चांगला कान माझ्याकडे केला. जबड्यामुळे शब्द घसरत होते. "तो आला होता माझ्याकडे," तो म्हणाला. "सुटल्यावर. तू गेली होतीस."

"कशाला?"

"दारात बसला. दोन दिवस हलला नाही. म्हणाला, माझ्या हातून जे झालं ते झालं, तुमच्या हातून होईल ते मी घेतो. मी काठी आणली." मधुकरने काठी दुसऱ्या हातात घेतली. "त्याने हात मध्ये आणला नाही. पुढचे दोन दात पाडले मी त्याचे. खांदा उतरवला. शेजाऱ्यांनी सोडवलं."

तुमच्या तोंडात पुढचे दोन दात नव्हते, आणि मी ते तुरुंगाच्या खात्यावर टाकले होते. तुम्हीही कधी वेगळं सांगितलं नाहीत. म्हणजे माझ्यासमोर चहाच्या कपावर जिंकत होतात, आणि तिकडे हरून आला होतात. हाताच्या भाषेचं तुमचं म्हणणं तुम्हालाच पटत नव्हतं, गजाभाऊ. निदान मला एवढं तरी सांगायचं होतंत. मग मीही सांगितलं असतं की त्याने हात लावला होता, तुमच्या मारण्यानंतर जास्त लावला होता. आपण दोघं एकदा तरी एका बाजूला बसलो असतो. मी दारात उभी होते हेही कदाचित त्या दिवशी निघालं असतं, आणि तुम्ही शिव्या देऊन का होईना मला मोकळं केलं असतंत. कारण तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते चुकीचं होतं, आणि माझ्यासाठी तेवढंही दुसऱ्या कोणी केलं नव्हतं. ही दोन्ही वाक्यं मला एका दमात तुम्हाला सांगायची होती.

मधुकरला चालवत नव्हतं. मी रस्त्यावर जाऊन रिक्षा थांबवली. तो पायरीवर चढला आणि एकदम त्याचा हात वर आला. मी दोन्ही हात डोक्यावर घेऊन रस्त्यातच खाली बसले. रिक्षावाला बघत राहिला. मधुकर फक्त टपाचा आधार घेत होता.